आजोबांचं माप, गजावरच्या दोन खाचा आणि पिस्तुलाचं काडतूस

कातळसडा | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

गणपतीसाठी गावी आलोय, राजापूर तालुक्यात. आज मखराचं सामान काढायला माळ्यावर चढलो तर कोपऱ्यात आजोबांची लाकडी पेटी सापडली. आत चिव्याच्या (बारीक बांबूच्या) पेराचं, दारू मोजायचं एक माप आहे, तोंड तासून गुळगुळीत केलेलं, बुडाशी सुतळी बांधलेली. केपांची, म्हणजे घोडा आपटल्यावर बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांची, रिकामी पितळी डबी आहे. मूठभर काळवंडलेले छर्रे आहेत. पेटीत मावत नाही म्हणून ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुकीचा गज वाशाला अडकवून ठेवलेला होता. गजावर चाकूने पाडलेल्या दोन खाचा आहेत, एकीपासून दुसरी साधारण चार बोटं.

बंदूक घरातच आहे. परवाना शेतीरक्षणाचा. आजोबा २०११ च्या पावसाळ्यात गेले आणि वारस म्हणून परवाना बाबांच्या नावावर झाला. बाबा वेळच्या वेळी नूतनीकरण करतात, निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतात, परत आणतात, बाहेरून पुसतात, कपाटात ठेवतात. बार मात्र त्यांनी आजवर एकही काढलेला नाही.

मी मुंबईत १० मीटर एअर पिस्तूल खेळतो. गेली दोन वर्षं रेंजवर काडतुसाचं ०.३२ सेंटर फायर पिस्तूलही चालू आहे. तिथे काडतूस खोक्यातून आयतं हातात येतं, आत काय आणि किती आहे याचा विचार करावा लागत नाही. आजोबा प्रत्येक बार स्वतः मोजून भरत. ते माप हातात घेतल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय.

म्हणून हा धागा. ज्यांनी हाताने बार भरला आहे, मग तो ठासणीचा असो की परदेशात कायद्याने भरलेलं रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचं काडतूस असो, त्यांनी आपलं आवडतं, साधं, वर्षानुवर्षं न बदललेलं माप कसं ठरलं ते लिहावं. आणि त्या दोन खाचा कशाच्या हे कोणाला माहीत असेल तर सांगावं. बाबांना आठवत नाही.

राखणदार | शुक्रवार, पहाटे ५:५५

पेटी जपून ठेवा.

मी गुहागरच्या पट्ट्यातला, वय ७१. चौतीस पावसाळे भाताच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) काढले, त्यातली पहिली वीस वर्षं वडिलांच्या ठासणीसोबत.

माप बंदुकीगणिक वेगळं. वडिलांचं माप शेजारच्या काकांच्या बंदुकीला कधी चाललं नाही. नळीची लांबी, जाडी, आतली झीज, सगळंच निराळं. बंदूक घरात आली तेव्हा गावातल्या एका जाणत्या माणसाने अगदी थोड्या दारूवर पहिला बार काढून दाखवला. मग केळीच्या खुंटावर तीस पावलांवरून छर्रे कसे बसतात ते बघत बघत जरा जरा वाढवलं. छर्रे एकसारखे बसायला लागले तिथे थांबले. वडील सांगायचे, त्याच्या पुढे आवाज वाढतो आणि खांदा सुजतो, डुकराला काही फरक पडत नाही. मग तेवढंच पेर कापलं. काळोख असो, पाऊस असो, माणूस झोपेतून उठलेला असो, पेर भरलं की माप चुकत नाही.

पेरात किती दारू मावायची ते मी इथे लिहिणार नाही. कोणीतरी वाचून आपल्या बंदुकीत घालेल.

भरण्याची रीत सांगतो. आधी एक-दोन केपा नुसत्याच वाजवायच्या, म्हणजे केपेखालच्या भोकातलं तेल आणि ओल उडून जाते. मग दारू. तिच्यावर काथ्याची घट्ट गोळी, गजाने दारूला टेकेपर्यंत बसवायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी तिथे फुगते. फुगलेली नळी मी डोळ्यांनी पाहिली आहे, अजगराने अंडं गिळल्यासारखी. मग छर्रे, वर सोडणाची, म्हणजे नारळाच्या सालीची, पातळ गुडदी. केप सगळ्यात शेवटी, तीही माळ्यावर नीट बसल्यावर. केप लावून कोणी वाट चालत नसे.

खाचांचं सांगतो, पण आधी एक बघून सांगा. खाचा गजाच्या कुठल्या टोकाकडे आहेत, ठासायच्या की धरायच्या?

पागवाला | शुक्रवार, सकाळी ८:२०

गाववाल्यानू, माका शिश्याबद्दल बोलाचा हा. आमच्याकडे छर्रे इकत हाडूची पद्धत नाय होती. पागाक, म्हंजे मासे धरूच्या जाळ्याक, लावतत ती शिश्याची मणी झिजली की आजो ती लोखंडी पळयेत घालून चुलीर वितळवी, आणि आमी पोरां बाजूक बसान बघत ऱ्हवायचो. शिसा ३२७ अंशाक वितळता. आता कळता की तो धूर आमच्या नाकात जायत होतो. शिसा एकदा आंगात गेला की सहज भायर पडणा नाय, आणि ल्हान पोरांच्या मेंदूक लागता. पेटीतले छर्रे हातात घेतलास तर हात साबणान धुवा, मगे मोदकांक हात लावा.

उंडी | शुक्रवार, सकाळी ११:०५

मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ, गेली १९ वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला वेगळा परवाना लागत नाही. माझ्या तळघरात एक बाक आहे, त्यावर एक प्रेस, एक तराजू. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे जाते. धागा वाचून खूप बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काडतुसाला चार वस्तू लागतात. पितळी पुंगळी, प्रायमर (ठासणीच्या केपेसारखा, दारू पेटवणारा), दारू आणि गोळी. यातली पुंगळी महाग आणि टिकाऊ. ती सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताच्या पितळेची असते, आणि रिव्हॉल्व्हरच्या हलक्या बाराला पुन्हा पुन्हा वापरता येते. बाकी तीन वस्तू दर वेळी नव्या.

मी सुरुवात ०.३८ स्पेशलने केली आणि अजूनही सर्वांत जास्त तेच भरतो. सरळ उभ्या भिंतीची पुंगळी, खाली कडा, दाब कमी. नवशिक्याला याहून सोपं काही नाही. पुंगळी पुन्हा मापात आणणारी डाय (साचा) कार्बाइडची वापरली तर पुंगळीला तेलही लावावं लागत नाही. मी वापरतो ती गोळी १५८ ग्रेनची, साधी शिशाची. ग्रेन हे वजनाचं माप आपल्याला परकं वाटतं, पण माझे आजोळचे लोक सोनार, त्यामुळे मला तो घरचाच वाटला. ब्रिटिशांनी ठरवून दिलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. ०.३८ ची गोळी तोळ्याला थोडी कमी, आणि ०.४५ पिस्तुलाची २३० ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याच्या वर. दारूचं वजन मात्र काही मोजक्या गुंजांत येतं. दोन गुंजांची चूक सोन्यात पैशाची असते, इथे ती हाताची असू शकते.

साधं माप म्हणजे माझ्या लेखी काय, ते सांगतो. एक पिस्तूल, एक गोळी, एक दारू. बुल्सआय आणि युनिक ही दारूची दोन्ही नावं शंभर वर्षांहून जुनी आहेत, अजून दुकानात मिळतात. मी त्यातली एक धरली आणि कधी सोडली नाही. वजनाचा आकडा दारू बनवणाऱ्या कंपनीच्या ताज्या मॅन्युअलमधून घ्यायचा, त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि पुठ्ठ्यावर पाच-पाच बार मारून बघायचं. राखणदार काकांनी केळीच्या खुंटाचं सांगितलं, अगदी तीच रीत. मी पाच वर्षांत तो आकडा दोनदा बदलला, मग थांबलो. माझ्या वहीत तो लिहिलेला आहे आणि मीही तो इथे देणार नाही. काकांचं कारण तेच माझं.

आता भीती कुठे आहे ते. ०.३८ स्पेशल निघालं १८९८ साली, काळ्या दारूच्या दिवसांत. पुंगळी त्या फुगीर दारूसाठी बेतलेली. आजची बिनधुराची दारू तिच्यात तळाशी जेमतेम दिसते. म्हणजे चुकून एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तरी वरून गोळी आरामात बसते, काही कळत नाही. असा बार रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फोडतो. उलट दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आपटतो. यावर मी एकच उपाय करतो. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून सगळ्यांत दारू घालायची, आणि गोळी बसवण्याआधी विजेरीने प्रत्येकीत डोकावायचं. पन्नासच्या पन्नास सारख्या दिसल्या पाहिजेत. त्या वेळी फोन बंद, रेडिओ बंद, मुलाने हाक मारली तर सगळं थांबवून पहिल्यापासून.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यात एक फरक नव्या माणसाला गोंधळात टाकतो. रिव्हॉल्व्हरची पुंगळी तळाच्या कडेवर टेकून बसते, त्यामुळे तिचं तोंड आत वळवून गोळीला घट्ट धरता येतं. ते धरावंच लागतं, नाहीतर शेजारच्या बाराच्या धक्क्याने गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. ९ मिमी किंवा ०.४५ पिस्तुलाची पुंगळी मात्र तोंडाच्या काठावर टेकते. तिचं तोंड आत वळवलं तर टेकायलाच काही उरत नाही. तिथे काठ फक्त सरळ करून दाबायचा.

सुरंगी | शुक्रवार, दुपारी ३:३०

बिनधुराच्या दारूचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या घरात याबद्दल कोणी बोलत नाही, पण कोणाचा तरी हात वाचेल.

माझे मामा कुडाळकडचे. १९९६ सालची गोष्ट. भात पोटरीला आलं होतं आणि काळी दारू संपली. कोणीतरी त्यांना बारा बोअरचं काडतूस दिलं. मामांनी ते कापलं, आतली दारू नेहमीच्या मापात घेतली आणि ठासणीत भरली. माप तेच, बंदूक तीच, हात तेच, तीस वर्षांचा सराव. केप वाजली आणि नळी मागच्या बाजूने उघडली. डाव्या हाताची दोन बोटं गेली, डोळा गेला. मी तेव्हा नववीत होते. मांगराच्या भिंतीत रुतलेला नळीचा तुकडा मी काढला आहे.

मामा शेवटपर्यंत म्हणत, "मी माप चुकलो नाही." आणि ते खरंच होतं. ते माप काळ्या दारूचं होतं.

उंडी | शुक्रवार, दुपारी ४:१५

सुरंगीताई, वाचून काटा आला. तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं. मामांचं कुठे चुकलं ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून थोडं पुढे लिहितो. काळी दारू ताकदीने कमी, म्हणून जास्त जागा व्यापणारी, तिचा दाब एका मर्यादेत राहतो. ठासणीची नळी तेवढ्याच दाबासाठी केलेली असते. बिनधुराची दारू त्याच पेरात भरली तर कितीतरी पट ताकद आत जाते, आणि कोंडली गेली की तिचा दाब ती स्वतःच चढवत नेते. ठासणीत बिनधुराची दारू कधीच घालायची नाही, थोडीशीसुद्धा नाही.

दिवाणी_फौजदारी | शुक्रवार, सायंकाळी ६:५०

चर्चा चांगली चालली आहे. पण इथे बरेच तरुण वाचतात, म्हणून कायदा स्पष्ट लिहिते. मी रत्नागिरीत वकिली करते आणि अशा प्रकरणांत आरोपीच्या आईला कोर्टाच्या पायरीवर बसलेलं पाहिलं आहे.

उंडी करतात ते त्यांच्या देशात चालतं. भारतात शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. कपाटातल्या बंदुकीचा परवाना त्यासाठी पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना तयार केल्याची शिक्षा किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो तयार करायची यंत्रंही येतात. त्यामुळे "नुसतं प्रेस मागवलं, भरलं काहीच नाही" हा बचाव होत नाही. ९ मिमी तर सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे.

ठासणीचं वेगळं. कलम १३ मध्ये शेतीरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. परवानाधारकाने परवानाधारक दुकानातून काळी दारू आणि केपा परवान्यावर लिहिल्या तेवढ्या घ्यायच्या आणि आपल्या बंदुकीत भरायच्या, हा तिचा वापरच आहे. घरी दारू कुटणं हा गुन्हा. परवान्याची मुदत आता ५ वर्षं असते, तारीख विसरू नका. कातळसडा, परवाना बाबांच्या नावावर आहे, तेव्हा बंदूक बाबांनीच हाताळायची.

भातखाचर | शुक्रवार, रात्री ८:००

सगळं बरोबर आहे हो. पण एका रात्रीत डुकरांचा कळप अख्खं खाचर लोळवून जातो, सुरण उकरतो, वर माकडं नारळ कोवळे असताना पाडतात. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने काय करावं? म्हणूनच लोक नको ते घरी करतात.

दिवाणी_फौजदारी | शुक्रवार, रात्री ८:२५

तुमचा राग मला कळतो, माझ्या माहेरी भातच आहे. पण परवाना असला तरी रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गेलं आहे. नुकसान झालं की आधी पंचनामा करून घ्या, त्याच दिवशी फोटो काढा, आणि परवानगीचा अर्ज गावाने मिळून द्या. एकट्या माणसाचा अर्ज पडून राहतो. आणि गावठी बॉम्ब पेरणाऱ्यांना कृपा करून गावातच अडवा. त्यात गुरं, कुत्री आणि गुराखी जातात.

दहाचा_ठोका | शुक्रवार, रात्री ९:३०

कातळसडा, नेमबाज म्हणून तुमची ओढ मला कळते. मी सिंधुदुर्गात मुलांना एअर पिस्तूल शिकवतो. आपल्याकडे हाताने मोजायची, निवडायची हौस कायद्यात राहून भागवायची असेल तर पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाच्या शिशाच्या गोळ्या, आहेत.

१० मीटर पिस्तुलाचा दहाचा गोल ११.५ मिमीचा. पेलेट ४.५ मिमीचा, वजन साधारण अर्धा ग्राम, तोंड सपाट, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. प्रत्येक नळीला एखादीच जात मानवते. डोक्याचा व्यास कुठे ४.४९, कुठे ४.५०, आणि एवढ्याशा फरकानेही गट (कागदावरच्या भोकांचा पुंजका) बदलतो. मी मुलांना आधी पिस्तूल शिकंज्यात पक्कं बांधून चार-पाच जाती दहा-दहा मारायला लावतो. जिचा गट लहान ती त्या पिस्तुलाची, मग डबीची किंमत कितीही असो. त्यानंतर सोनाराच्या तराजूवर वजन, वाकलेली झालर असलेले पेलेट बाजूला, आणि पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी. आपल्या हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, ती नळीत गेलेली मला चालत नाही.

तुम्ही रेंजवर मारता ते ०.३२ लाँगही साध्याच मापाचं अपत्य आहे. १८९६ सालचं काडतूस. सपाट तोंडाची गोळी पूर्ण पुंगळीच्या आत बसवलेली, दारू थोडी, धक्का नावाला. जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायरमध्ये ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. हा प्रकार ताकदीचा नाहीच, साठच्या साठ बार एकसारखे सुटले पाहिजेत.

आपल्या राज्यात हे काम कारखान्यात होतं याचाही मला अभिमान वाटतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. जुन्या शिकाऱ्यांच्या घरी बारा बोअरच्या पुंगळीच्या बुडावर "केएफ" दिसतं ते तिथलं.

कातळसडा | शनिवार, सकाळी ७:१५

सगळ्यांचे आभार. रात्री बाबांना सुरंगीताईंची गोष्ट वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आजोबासुद्धा दारूची डबी आणि काडतुसं कधी एका फळीवर ठेवू देत नसत.

राखणदार काका, गज लाकडी आहे, ठासायच्या टोकाला पितळी टोपी. खाचा धरायच्या टोकाकडे आहेत.

राखणदार | शनिवार, सकाळी ७:४०

मग ऐका.

बंदूक रिकामी असताना गज आत सोडला की नळीच्या तोंडाशी जी खाच येते, ती रिकाम्याची. बार भरलेला असला की गज तेवढा वर राहतो आणि खालची, टोपीकडची खाच तोंडाशी येते. तुमची चार बोटं म्हणजे भरलेल्या बाराची उंची. काळोखात बोटाने चाचपून कळावं म्हणून खाच पाडतात. आमच्या वडिलांनी तांब्याची तार गुंडाळली होती.

तुम्ही लिहिलंत की बाबांनी एकही बार काढलेला नाही, आणि आजोबा पावसाळ्यात गेले. पावसाळा म्हणजे राखणीचे दिवस. तेव्हा आज पूजेच्या आधी एवढं करा. बाबांना बंदूक हातात घेऊ दे. केप नाही हे आधी बघा, घोडा खाली आहे हे बघा. नळीचं तोंड मोकळ्या सड्याकडे, समोर कोणी नाही, घरातली पोरं मागच्या दारी. तोंड आणि छाती बाजूला ठेवून गज दोन बोटांनी हलकेच आत सोडा. ठासू नका. कुठली खाच येते ते बघा आणि मला कळवा.

कातळसडा | शनिवार, सकाळी ८:३०

काका, गज खालच्या खाचेवर थांबला. तीन वेळा सोडून बघितला.

बाबा ओटीवर बसून आहेत. २०१४, २०१९, २०२४, प्रत्येक वर्षी लोकसभा आणि विधानसभा. सहा वेळा ही बंदूक ते मांडीवर आडवी घेऊन एसटीने तालुक्याला गेले आणि परत आले. मी लहानपणी हिच्या नळीत डोळा लावून बघितलं आहे.

राखणदार | शनिवार, सकाळी ८:३४

घाबरू नका. केप नाही तोवर ती स्वतःहून वाजत नाही. जागच्या जागी, तोंड भिंतीकडे, मातीच्या भिंतीकडे, आडवी ठेवा. चूल, निरांजन, उदबत्ती त्या खोलीत नको. फटाकेही त्या अंगणात नको. केप लावून "वाजवून मोकळं करू" असं गावातलं कोणी म्हणालं तर त्याला ओटीवर चढू देऊ नका. चौदा पावसाळ्यांत नळी आतून किती गंजली आहे कोणाला ठाऊक. गजाने उकरू नका, तापवू नका.

दिवाणी_फौजदारी | शनिवार, सकाळी ८:५०

बाबांनी आत्ताच पोलीस ठाण्यात फोन करून सांगावं, आणि सांगितल्याची नोंद करून घ्यावी. त्यांचा काही दोष नाही, परवाना चालू आहे. बंदूक भरलेली असताना घराबाहेर नेऊ नका. परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणारा माणूस पोलिसांच्या ओळखीने घरी येईल असं बघा.

उंडी | शनिवार, सकाळी १०:२०

काळी दारू जुनी झाली म्हणून मरत नाही, हे कोणी हलक्यात घेऊ नये. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १७८० साली बुडालेल्या ब्रिटिश जहाजाची एक तोफ होती. २०१३ मध्ये गंज साफ करताना तिच्यात दारू आणि गोळा तसाच भरलेला सापडला. कितीतरी वर्षं ती लोकांच्या मध्ये होती. कातळसडा, तुमच्या घरच्यांना सांभाळा. आज रात्री मी जागा आहे, काही लागलं तर लिहा.

सुरंगी | शनिवार, सकाळी १०:४५

गणपतीसमोर एक नारळ माझ्या नावाने ठेवा.

कातळसडा | बुधवार, रात्री ९:१५

मंडळी, आज काम झालं. चार दिवस ती खोली बंद ठेवली होती, गौरी दुसऱ्या खोलीत बसवल्या.

सकाळी ठाण्यातून एक हवालदार आणि त्यांच्यासोबत शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेले एक वयस्क मिस्त्री आले. मिस्त्रींनी आधी केप बसते त्या भोकातून आणि वरून तोंडातून नळीत पाणी सोडलं आणि बंदूक तशीच चार तास ठेवली. जेवणं झाल्यावर गजाला स्क्रूसारखं टोक लावून सावकाश एकेक थर बाहेर काढला. वरची सोडणाची गुडदी, मग छर्रे, मग काथ्याची गोळी. काथ्याला अजून पीळ होता. खाली दारूचा काळा चिखल. तो त्यांनी पाण्याच्या बादलीत घेतला. शेवटी कढत पाण्याने नळी धुतली, तीन पाणी काळं आलं, चौथं स्वच्छ. मग कोरडी करून हलकं मशीन तेल दिलं. आम्ही इतकी वर्षं खोबरेल लावत होतो. ते म्हणाले, खोबरेल थिजतं आणि भोक बुजवतं. बुडाशी नळी बरीच खाल्ली गेली आहे, ही आता वाजवायची नाही, असं त्यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं. बाबांनी मान डोलावली.

चहाच्या वेळी बाबांना आठवलं. जुलैच्या शेवटी आजोबा संध्याकाळी माळ्यावर जायला निघाले होते, बार भरून. उंबऱ्यात त्यांना घाम फुटला आणि ते परत आत येऊन झोपले. बंदूक कोणीतरी कपाटात ठेवली. केप त्यांनी लावली नव्हती, ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात निघाली होती.

मिस्त्री गेल्यावर बाबांनी छर्रे धुतले, फडक्याने पुसले आणि चिव्याच्या मापात एकेक करून सोडले. माप काठोकाठ भरलं, एकही छर्रा उरला नाही. मग दोघांनी साबणाने हात धुतले आणि आरतीला गेलो.